परत येण्याचा हक्क

येलदरीच्या धरणाचं पाणी लांबच्या रानांना जातं आणि आपल्या वस्तीतली माणसं दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला जातात. पोरगं कॉलेजात असलं तरी त्याच्या हातात कोयता येतो. परत येईपर्यंत हजेरी तुटलेली, शिष्यवृत्ती अडकलेली. लोक म्हणतात, पोरानं कॉलेज सोडलं. मी जिनिंगमधला कामगार. जे वाचलं ते पाळी संपल्यावर. पण या 'सोडलं' शब्दावर माझी हरकत आहे.

मित्रांनो, इतिहास काढा. १९१३ च्या जूनमध्ये बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं संस्थानाची चाकरी. कोलंबियातून ते लंडनला गेले. १९१७ मध्ये वाढवून दिलेली मुदतही संपली आणि अर्धा अभ्यास टाकून बोटीत बसावं लागलं. बाबासाहेबांनी शिक्षण सोडलं, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

बडोद्यात अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळाली नाही. नोकरी सुटली. पुढं संस्थानानं शिक्षणाच्या खर्चाची परतफेडही मागितली. हाकललं जातीनं, हिशेब मात्र हाकललेल्याच्या नावावर.

पण एक दार उघडं होतं. लंडन विद्यापीठानं चार वर्षांच्या आत परत यायची मुभा दिली होती. बाबासाहेबांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा साठवला. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं. १९२० मध्ये ते परत गेले, १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये, आपल्या पोरांसाठी मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्या नियमांत पुढं अट आली: वर्षाच्या मध्येच शिक्षण सुटलं तर राज्य सरकार रक्कम परत मागू शकतं. परवानगीशिवाय विषय बदलला तर शिष्यवृत्ती रद्द. म्हणजे बडोद्याची वसुली नियमात आली, लंडनचं दार बाहेरच राहिलं.

म्हणून कार्यकर्त्यांनो, कुणी कॉलेजातून नाव काढायला निघालं तर आधी त्याला थांबवा. कारण लेखी द्यायला लावा, पोच घ्या. घेतलेल्या पैशाचं काय होणार आणि पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती चालू होणार का, हे समाजकल्याण कार्यालयाला लेखी विचारा. असे कागद गावोगाव जमवा. मोर्चा नेऊ तेव्हा तेच हातात असतील.

आपल्याला दया नको. पोटासाठी बाहेर पडलेल्याला परत वर्गात बसायचा हक्क पाहिजे, शिष्यवृत्तीसकट.

जयभीम.