रसायनाची पदवी आणि पहिली नोकरी

कोकणात आपल्या पूर्वजांना 'शनवार तेली' म्हणत. सहा दिवस घाणा चालायचा, शब्बाथला बंद. त्यांच्याच वंशातल्या काहींनी पुढे मुंबईत रसायनशास्त्राची पदवी घेतली. त्या पदवीवर पहिली नोकरी कुठे, कशी मिळे, याची नोंद राहावी म्हणून हे लिहीत आहोत.

मुंबईत रसायनाच्या कामाला तोटा नव्हता. गिरण्यांची रंगखाती होती. १९३३ साली विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. १९५४-५५ मध्ये तुर्भ्याला तेलशुद्धीकरणाचे कारखाने सुरू झाले. पण एकेका जागेला अर्जांची थप्पी पडे. इंग्रजी आपल्याला येत होते. गाडी अडे ती वशिल्यापाशी आणि शनिवारपाशी. हक्काची सुटी रविवारची.

इस्राएलात सगळे उलटे. १९५१ च्या कायद्याने शब्बाथची सुटी मिळाली, पण हिब्रू येत नव्हती. शिवाय नोकरीआधी पुष्कळांचे गाव ठरवून दिलेले असे. हैफाला तेलशुद्धीकरण इंग्रजांच्या अमदानीपासूनचे. तिथे हिब्रू जाणणारे जुने लोक आधीच बसलेले. आपल्यापैकी बरेच जण नेगेवात, बेरशेबा आणि दिमोनाला पोचले.

तेथे मृत समुद्राचा आधार होता. पालाशाचा जुना उद्योग १९५२ साली सरकारी कंपनीकडे आला. १९५५ साली दिमोना वसले. समुद्राचे पाणी उथळ तळ्यांत सोडतात. उन्हाने ते आटते, आधी मीठ तळाशी बसते, मग कार्नलाइट. त्यातून पालाश काढतात. प्रत्येक टप्प्याला नमुने तपासावे लागतात. म्हणून नवख्याला लाबोरांत म्हणून शिरकाव मिळण्याची आशा असे. ब्युरेट वाचायला हिब्रू लागत नव्हती. अहवाल लिहायला लागे. त्यासाठी उल्पान.

सगळ्यांना तेवढेही मिळाले नाही. नोकरीच्या एका कचेरीत आमच्यातल्या एकाची पदवी पाहून, "भारतात रसायन शिकवतात का?" असे विचारले गेले आणि त्याला पिशव्या भरायच्या कामावर पाठवले. वशिल्याला इथे प्रोटेक्त्सिया म्हणतात, एवढे नवे शिकलो. आणि अखंड चालणाऱ्या कारखान्यांना शब्बाथलाही परवाना मिळतो, हेही कळले. मुंबईत शनिवार सुटावा म्हणून धडपडलेल्यांपैकी काहींना इथे शनिवारचीच पाळी आली.

तेव्हा पदवी एकच असली तरी गावागणिक तिचे मोल बदलले. ज्याच्या वाट्याला प्रयोगशाळा आली तो अधिक हुशार होता असे नाही, आणि ज्याने पिशव्या भरल्या तो कमी नव्हता. नातवंडांना हे सांगायला हवे. आपली पहिली नोकरी कोणती, पगार किती, कामाला कोणी लावले, हे वाचकांनी आजच कागदावर उतरवून ठेवावे.