फेरोजशहा मेहता आणि नगराचा कारभार

खानदेशांतील धरणगांव हें व्यापाराचें जुनें ठिकाण. इंग्रजांनीं तेथें १६७४ सालीं वखार घातली. पुढें १८२५ सालीं जेम्स औट्रॅमनें उभारलेल्या भिल्ल पलटणीचें ठाणेंही तेथेंच होतें. नगरपालिका एकोणिसाव्या शतकांतच तेथें आली. नगरपालिका आली कीं तीन प्रश्न घरोघर उठतात. पट्टी कोणीं बसवावी? जमलेला पैसा कोणीं खर्चावा? आणि त्या खर्चाचा जाब कोणीं विचारावा? मुंबई इलाख्यांत या प्रश्नांचा सर्वांत मोठा झगडा राजधानीच्या शहरांत झाला, आणि त्याला कायद्याचें रूप देण्यांत ज्या वकिलाचा मोठा वाटा होता, ते म्हणजे सर फेरोजशहा मेहता.

त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजीं मुंबईंत एका व्यापारी पारशी कुटुंबांत झाला. एल्फिन्स्टन कॉलेजांतून पदवी घेऊन ते विलायतेस गेले, लिंकन्स इन् येथें कायद्याचा अभ्यास करून १८६८ सालीं बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षीं स्वदेशीं परतले. लंडनमध्यें त्यांना दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला होता. वकिली उत्तम चालली. पण त्यांचें खरें कर्तृत्व दिसून आलें तें नगराच्या सभागृहांत.

त्या वेळीं मुंबईची स्थिति विचित्र होती. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच पुष्कळ पेढ्या कोसळल्या. त्याच वर्षींच्या कायद्यानें शहराचा कारभार म्युनिसिपल कमिशनर या एका अधिकाऱ्याच्या हातीं गेला. जस्टिस ऑफ दि पीस म्हणून सरकारनें नेमलेली मंडळी होती खरी, परंतु तिचा अंकुश नांवापुरताच होता. आर्थर क्रॉफर्ड हा कमिशनर मोठा धडाडीचा. त्यानें घाण उपसली, रस्ते सुधारले, त्याच्या नांवाची मंडई उभी केली; पण खर्चाला धरबंध राहिला नाहीं. कराचा बोजा वाढला, कर्ज वाढलें, आणि १८७१ सालीं करदात्यांचा संताप उफाळून आला. शहरांत जो तो क्रॉफर्डला शिव्या देऊं लागला.

या गदारोळांत सव्वीस वर्षांच्या फेरोजशहांनीं उलटी बाजू घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें त्यांनीं निबंध वाचला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, दोष माणसाचा नसून रचनेचा आहे. काम करणारा अधिकारी एकच असावा आणि त्याला पुरते अधिकार असावेत, नाहींतर कामें अडतात. पण पैशाची किल्ली करदात्यांनीं निवडलेल्या सभेपाशीं असावी आणि हिशेब मागण्याचा हक्कही तिचाच असावा. संतापलेल्या श्रोत्यांना हें रुचलें नाहीं. त्यांना क्रॉफर्डची शिक्षा हवी होती. हा तरुण त्यांना कायद्याची घडण समजावून सांगत होता.

परंतु पुढील वर्षींच, १८७२ सालीं, जो कायदा झाला त्याची दिशा हीच होती. चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन निर्माण झाली. त्यांतील निम्मे, म्हणजे बत्तीस, करदात्यांनीं निवडावयाचे. सोळा जस्टिसांनीं आणि सोळा सरकारनें. १८८४ व १८८५ अशीं लागोपाठ दोन वर्षें मेहता कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. १८८८ चा प्रसिद्ध म्युनिसिपल कायदा विधिमंडळांत घडत असतां त्यांनीं आणि न्यायपंडित काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं त्याच्या कलमाकलमावर परिश्रम केले. कॉर्पोरेशन, स्थायी समिति आणि कमिशनर यांचीं क्षेत्रें या कायद्यानें वेगळीं आंखून दिलीं. अनेक दुरुस्त्या होऊन तो मुंबईंत आजही लागू आहे.

या संदर्भांत जर्मनीकडे पाहणें बोधप्रद आहे. प्रशियांत स्टाईननें १८०८ सालच्या कायद्यानें शहरांना निवडलेल्या सभा दिल्या. तेथील नगरप्रमुख हा बहुधा कायदा शिकलेला, पगार घेणारा आणि अनेक वर्षांसाठीं निवडलेला असे. योहानेस मिकेल हा वकील आधीं ओस्नाब्रुकचा व नंतर १८८० पासून १८९० पर्यंत फ्रँकफुर्टचा नगरप्रमुख होता. तेथून तो प्रशियाचा अर्थमंत्री झाला. मेहता मुंबईचे अध्यक्ष असतांना तो फ्रँकफुर्टचा कारभार पाहत होता. मात्र मिकेलच्या हातीं प्रत्यक्ष अंमल होता. मुंबईचा अध्यक्ष बिनपगारी. हुकूम कमिशनरचा चाले आणि अध्यक्षापाशीं सभेचें मत एवढेंच हत्यार. तेंच त्यांनीं धारदार केलें.

त्यांचा दरारा अधिकाऱ्यांना सलत होता. १९०७ सालीं कांहीं युरोपियन मंडळींनीं एकजूट करून जस्टिसांच्या मतदारसंघांत त्यांचा पाडाव केला. जागा सोळा होत्या, त्यांचा क्रमांक सतरावा लागला. पुढें निवडून आलेल्या एकाची निवड कायद्याला धरून नाहीं असें ठरलें आणि मेहता सभागृहांत परत आले. आयुष्यभर कायद्याचें बोट धरून चाललेल्या पुरुषाला कायद्यानेंच हात दिला.

त्यांच्या दृष्टीलाही मर्यादा होत्याच. त्यांची कॉर्पोरेशन ही करदात्यांची होती, सर्व रहिवाशांची नव्हे. गिरणींत राबणाऱ्या आणि चाळींत राहणाऱ्या हजारोंना त्यांत मत नव्हतें; मुंबईंत प्रौढ मतदानाची निवडणूक झाली ती १९४८ सालीं. मेहता ५ नोव्हेंबर १९१५ रोजीं निवर्तले. अध्यक्षाला महापौर हें नांव १९३१ सालीं मिळालें, तें त्यांना पाहतां आलें नाहीं. कॉर्पोरेशनच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा उभा आहे.

पुतळ्याहून मोठें स्मारक म्हणजे त्यांनीं रुजविलेली ती संवय. कारभार बिघडला म्हणजे कारभाऱ्याला शिव्या देणें सोपें असतें. ज्या नियमानें त्याला मोकळें रान मिळालें तो नियम शोधणें आणि बदलणें अवघड असतें. गांव धरणगांव असो कीं मुंबई, पट्टी भरणाऱ्या माणसानें हिशेब मागावयास शिकणें हाच स्वराज्याचा पहिला धडा. तो फेरोजशहांनीं एका संतापलेल्या सभेसमोर सव्विसाव्या वर्षीं दिला.