पत आणि ऐपत : लहान धंद्याच्या कर्जाची कथा

'पत' आणि 'ऐपत' हे शब्द मराठीत शेजारी नांदत असले तरी त्यांचा अर्थ एक नाही. पदरी जे आहे ती ऐपत. माणसाच्या शब्दाला बाजारात जे मोल आहे ती पत. लहान धंद्याला कर्ज मिळावे म्हणून आपल्याकडे झालेल्या प्रयत्नांचा इतिहास या दोन शब्दांमधल्या अंतराचा इतिहास आहे.

सावकार व्याज जबर लावी. पण त्याला ऋणको ठाऊक असे. ही ओळखच स्वस्त कर्जाचा आधार व्हावी, हा सहकाराचा मूळ विचार. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने 1889 मध्ये 'अन्योन्य सहाय्यकारी मंडळी' उभी राहिली, तेव्हा त्यासाठी कायदाही नव्हता. तो 1904 साली आला. सभासद एकमेकांना ओळखतात, म्हणून एकमेकांसाठी उभे राहतात, हे त्याने गृहीत धरले. पण ओळखीची मर्यादा गावाची, पेठेची. तिच्याबाहेर उभ्या असलेल्या कारागिराचे काय?

स्वातंत्र्यानंतर सरकारने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. 1955 मध्ये स्टेट बँक स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने लघुउद्योगांसाठी प्रायोगिक योजना हाती घेतली. जुलै 1960 मध्ये केंद्र सरकारने पतहमी योजना आणली; तिचा कारभार रिझर्व्ह बँकेकडे होता. लहान कारखानदाराचे कर्ज बुडाले तर नुकसानीचा काही वाटा सरकार सोसणार होते. शेजारी जामीन राहत असे, त्या जागी आता सरकार जामीन राहिले.

तरीही बँका शहरांतच राहिल्या. 19 जुलै 1969 रोजी 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने क्षेत्रनिहाय नियोजनाची शिफारस केली आणि डिसेंबरात अग्रणी बँक योजना सुरू झाली. एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर आली. पुण्याच्या गोखले संस्थेत आयुष्य वेचलेल्या आणि प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत सहभागी झालेल्या गाडगीळांना कर्जाचा प्रश्न आधी पोहोचण्याचा आहे, हे नेमके कळले होते.

बँक जिल्ह्यात पोहोचली. पण दाराशी तारण विचारणे थांबले नाही. 2000 साली सरकार आणि सिडबी यांनी मिळून नवा पतहमी न्यास स्थापन केला. आता बिनतारण कर्ज सहज मिळेल, अशी अपेक्षा होती. पण सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जांना तारण घेऊ नये, असा बंधनकारक आदेश रिझर्व्ह बँकेला 2010 मध्ये काढावा लागला. हा आदेशच पुरेसा बोलका आहे. हमीने बँकेचा तोटा कमी झाला, तिची सवय मात्र बदलली नाही.

2015 ची मुद्रा योजना आणि 2020 ची फेरीवाल्यांसाठीची स्वनिधी योजना याच वाटेवरच्या. स्वनिधीतले पहिले कर्ज 2020 मध्ये फक्त 10,000 रुपयांचे होते. ते वेळेवर फेडले की पुढचे मोठे. येथे घर, जमीन, सोने काही विचारले जात नाही. विचारली जाते ती परतफेड. म्हणजे ऐपत बाजूला ठेवून पत घडवण्याचाच हा प्रयत्न.

मात्र पत घडायला वेळ लागतो आणि समोरच्या माणसाला ओळखणारा कुणीतरी लागतो. सावकाराकडे ती ओळख होती, न्याय नव्हता. सरकारने न्यायाची व्यवस्था उभी केली. ओळखीची जागा आता व्यवहाराच्या नोंदी घेत आहेत. हातगाडीवाल्याची पत त्या नोंदींत खरोखर दिसेल का, यावर या दीर्घ प्रयत्नाचे यश ठरणार आहे.