हृदयपरिवर्तन

वडिलांकडून मला दोन गोष्टी वारशानं मिळाल्या. एक पित्तप्रकृती आणि दुसरी १९६७ सालची अँबॅसिडर. दोन्ही दुपारी बाराच्या सुमाराला उसळतात. पित्तावर निदान मोरावळा आहे. गाडीवर उपाय एकच, पाण्याचा डबा. आमची गाडी पुण्याबाहेर निघायची म्हणजे आधी चाकापुढे नारळ, मग डिकीत पाण्याचा डबा आणि मग माणसं, असा क्रम असे. जागा कमी पडली तर एखादा काका मागे राही. डबा कधी राहिला नाही.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, या बाबतीत फार कडक. "पाणी बघितल्याशिवाय जो गाडी काढतो त्यानं बैलगाडी हाकावी. बैल निदान स्वतःची तहान स्वतः सांगतो!" हे वाक्य मी लहानपणापासून पाढ्यांसारखं ऐकत आलो. १९७९ साली गाडी शिकत असताना एकदा, अगदी एकदाच, मी पाणी न बघता गाडी कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत नेली. अण्णा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या चार दिवसांत घरातलं सगळं दळणवळण आईमार्फत चाललं होतं.

अण्णा १९९६ साली गेले. पुढची सात वर्षं मी ती गाडी चालवली म्हणण्यापेक्षा सांभाळली. २००३ सालच्या मे महिन्यात खंबाटकीच्या घाटात तिनं पुन्हा वाफ सोडली. आम्ही कठड्यापाशी बॉनेट उघडून उभे होतो. शेजारून एक ट्रॅक्टर वर गेला आणि त्यावरच्या माणसानं आमच्याकडे पाहून सहानुभूतीनं हात हलवला. माझा भाचा तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. या वयातल्या माणसाला जगातली प्रत्येक वस्तू उघडता येते. बंद करायला मात्र दुसरं कुणीतरी लागतं. तो म्हणाला, "मामा, हिचं इंजिन काढून टाकू. टर्बो टाकू या."

टर्बो हा शब्द मी तोवर फक्त मालट्रकांवर वाचला होता आणि ते मालकाच्या धाकट्या मुलाचं नाव असावं, असा माझा समज होता. पण मी पडलो इतिहासाचा मास्तर. घरात नवी सून आणि गाडीत नवं इंजिन आणण्याआधी कुळकथा विचारून घ्यावी, या मताचा. भाच्यानं कॉलेजच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणून दिली आणि मी सुट्टीभर ती वाचत बसलो.

या कुळाचा मूळपुरुष आल्फ्रेड ब्यूखी नावाचा स्विस इंजिनिअर. इंजिनात जाळलेल्या इंधनातली बरीचशी शक्ती धुराबरोबर फुकट बाहेर जाते, हे त्याला बघवेना. त्यानं धुराच्या वाटेत एक चक्र ठेवायचं ठरवलं. गरम धूर त्याला फिरवणार. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबणार. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येणार, म्हणून जोर जास्त. १९०५ साली त्यानं याचं पेटंट घेतलं. थोडक्यात काय, शिळ्या पोळीचा कुस्करा! हे यंत्र स्वित्झर्लंडात निघावं याचंच मला नवल वाटतं. साबणाची झिजलेली चिपटी नव्या वडीला चिकटवणाऱ्या सदाशिव पेठेत ते शंभर वर्षं आधी निघायला हवं होतं.

काटकसरीच्या सूचना ऐकून घेण्यात घरोघरी जो उत्साह असतो तोच ब्यूखीच्याही वाट्याला आला. वीसेक वर्षं गेली. मग १९२० नंतरच्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना ही जोडणी दिली गेली आणि १७५० अश्वशक्तीची इंजिनं २५०० वर गेली.

दरम्यान अमेरिकेत सॅनफर्ड मॉस नावाचे गृहस्थ वेगळ्याच चिंतेत होते. विमान उंच गेलं की हवा विरळ होते आणि इंजिनाला धाप लागते. १९१८ साली त्यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन चक्क एका ट्रकवर बांधलं आणि कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक नावाच्या डोंगरावर चढवलं. उंची चौदा हजार फुटांहून जास्त, म्हणजे अडीच कळसूबाई एकीवर एक. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर पोचल्यावर २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर ३५६ झालं. डोंगरमाथ्यावर बसलेल्या इंजिनाची ही कहाणी वाचली तेव्हा मला खंबाटकीचा कठडा आठवला आणि मॉससाहेब घरचे वाटू लागले.

साध्या मोटारीत टर्बो यायला १९६२ साल उजाडलं. त्या वर्षी जनरल मोटर्सनं दोन गाड्या काढल्या, त्यांतली ओल्ड्समोबाइल जेटफायर मला विशेष प्रिय आहे. हिच्या इंजिनात हवा कोंबली की मिश्रण अवेळी पेटायची भीती. म्हणून थंडाव्याला पाणी आणि मिथेनॉल यांचं एक तीर्थ वेगळ्या बाटलीत भरून ठेवावं लागे. कंपनीनं त्याला 'टर्बो रॉकेट फ्लुइड' असं भारदस्त नाव दिलं. आता, लोक बाटली भरायला विसरत. बाटली रिकामी झाली की टर्बोचा जोर आपोआप रोखला जाई आणि रॉकेटची बैलगाडी होई. तक्रारी इतक्या आल्या की १९६५ साली कंपनीनंच टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून द्यायला सुरुवात केली. सुमारे साडेनऊ हजार गाड्या निघाल्या होत्या. म्हणजे पाहा, पाणी न बघणारा माणूस सगळ्या जगात सापडतो, हे अण्णांना कळलं असतं तर किती बरं वाटलं असतं!

बाकीचा इतिहास भरभर सांगतो. १९७३ साली बी.एम.डब्ल्यू.नं फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात टर्बो गाडी मांडली. तिच्या नाकाखाली 'टर्बो' हा शब्द उलटा लिहिला होता, पुढच्याला आरशात सुलट दिसावा आणि त्यानं मुकाट्यानं बाजूला व्हावं म्हणून. लागलीच तेलाचं संकट आलं आणि १६७२ गाड्यांवर तो संसार आटोपला. १९७७ मध्ये रेनॉंनं टर्बोची गाडी फॉर्म्युला वन शर्यतीत उतरवली. ती इतक्यांदा धूर सोडत थांबली की इंग्रज तिला 'पिवळी किटली' म्हणू लागले. दोनच वर्षांनी, १९७९ साली, त्याच किटलीच्या बहिणीनं फ्रान्समधली शर्यत जिंकली.

हे सगळं ठीक. पण आमच्या म्हातारीत परकं इंजिन बसवणं हा अधर्म नाही का? याही प्रश्नाचं उत्तर इतिहासातच निघालं. अँबॅसिडर ही मुळात इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड. १९५७ च्या सुमाराला ती कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला जन्मली तेव्हा तिचं इंजिन वेगळं होतं. दोनेक वर्षांतच ते जाऊन १४८९ सी.सी.चं आलं. पुढे त्याच मापाचं डिझेल आलं, ३७ अश्वशक्तीचं, म्हणजे आमचं वाफाळणारं पेट्रोल इंजिनही त्यापुढे पैलवान. १९८४ साली त्याच कारखान्यानं व्हॉक्सहॉलच्या साच्यावरून लांबरुंद कॉन्टेसा काढली आणि तिच्यातही तेच १४८९ सी.सी.चं पेट्रोल इंजिन घातलं. हत्तीला बोकडाचं काळीज! काही वर्षांनी जपानची इसुझू इंजिनं आली आणि हत्ती चालू लागला. १९९२ मध्ये अँबॅसिडरलाही इसुझू मिळालं. २०१४ साली उत्पादन थांबेपर्यंत कारखाना जवळजवळ तोच सांगाडा ठेवून आतली हृदयं बदलत राहिला. कारखान्यानं जे केलं तेच लोकांनी आपापल्या परीनं केलं. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं, डिझेल स्वस्त होतं. कुणी जीपमध्ये ट्रॅक्टरचं इंजिन बसवलं, कुणी अँबॅसिडरमध्ये मॅटाडोरचं. आतून टेम्पोचा आवाज आणि मागच्या सीटवर शालू नेसलेली नवरी, अशा वराती आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत.

भाच्यानं नाना पेठेतून बातमी आणली. मोडीत निघालेल्या एका कॉन्टेसाचं दोन लिटरचं इसुझू टर्बो डिझेल मिळत होतं. आम्ही मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्रींनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, तंबाखू मळली आणि म्हणाले, "साहेब, इंजान एकटं येत न्हाई." आणि मग यादी. इंजिनामागे त्याचाच पाच गेअरचा गेअरबॉक्स. तो आला की स्टिअरिंगखालची दांडी जाऊन गेअर जमिनीवर येणार. मग पुढचं सोफ्यासारखं बाक कापायचं. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टची लांबी बदलायची. रेडिएटर मोठा, सायलेन्सर नवा, इंजिनाचे पाय नवे. लग्न एकाचं आणि मानपान सतरा जणांचे. सगळ्यात शेवटी मिस्त्रींनी चाकाला पाय लावला. "गाडी पळंल हो. पण थांबंल का? आधी ब्रेक करू, मग इंजान."

मला हा माणूस एकदम आवडला. यंत्राची शिस्तही त्यांनीच समजावली. टर्बोचं चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. आपला छताचा पंखा तीनशे-साडेतीनशे आणि मिक्सर फार तर वीसेक हजार. एवढ्या वेगाचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. घाट चढून आल्याबरोबर चावी फिरवलीत तर तेल थांबतं आणि तापलेला दांडा कोरडा पडतो. म्हणून पोचल्यावर मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवायचं. आणि पायाखाली जोर मागितला की तो लगेच येत नाही. आधी धूर जमायचा, मग चक्र फिरायचं, मग जोर. जेवायला हाक मारल्यावर आमचा भाचा येतो, तसं.

सगळं पटलं आणि तरीही मी घरी येऊन नाही म्हणालो. कारण सांगायला लाज वाटत होती. त्या जुन्या इंजिनाची घरघर म्हणजे अण्णांचा खोकला होता. सकाळी ते चालू झालं की मला वाटायचं, अण्णा अंगणात आहेत. डबा राहू दे, वाफ राहू दे, हे इंजिन काढायचं नाही. भाचा म्हणाला, "मामा, आजीच्या विळीचं पातं दोनदा बदललंय, पाट एकदा. तरी ती आजीचीच विळी ना?" मी म्हटलं, "विळी खोकत नाही."

तो गप्प बसला, पण मोटार कायद्याप्रमाणे इंजिन बदलायला परवानगी लागते, तिचा अर्ज त्यानं "नुसता भरून ठेवतो" म्हणून भरायला घेतला. (२०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर असले बदल अवघड झाले आहेत, तेव्हा जरा सैल होतं.) इंजिनाचा नंबर उतरवायला त्यानं गाडीचं जुनं पुस्तक उघडलं. बराच वेळ तो पुढची-मागची पानं उलटत राहिला. मग म्हणाला, "मामा, हे इंजिन आजोबांनी घेतलेलं नाहीच."

पहिल्या पानावरच्या नंबरावर काट होती. मागच्या पानावर नवा नंबर, शिक्का आणि साल १९८१. त्या वर्षी मी नांदेडला नोकरीवर होतो. चोवीस वर्षं मी ती गाडी चालवत आलो होतो आणि पुस्तकाचं मागचं पान एकदाही उलटलं नव्हतं. इतिहासाचा मास्तर!

आई गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आता कळलंच ना? कोल्हापूरला निघालो होतो. निघताना पाणी बघायचं राहिलं. खंबाटकीत इंजिन जे धरलं ते धरलंच."

"कुणाचं राहिलं?"

"गाडी कोण चालवत होतं?" आईनं आणखी दोन शेंगा मोडल्या. "नाना पेठेतून दुसरं जुनं आणून बसवलं. माझ्या पाटल्या गेल्या त्यात. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. पोराला तोंड कसं दाखवू, म्हणाले."

मी काही बोललो नाही. ते चार दिवस आठवले, आणि कोपऱ्यावरचा वाणी.

"तुला नवं बसवायचं तर बसव," आई म्हणाली. "पण पाटल्या आता नाहीत, सांगून ठेवते."

पाटल्यांशिवायच जमलं. ब्रेक आधी झाले, मग इंजिन. कागदावर परवानगीचा शिक्का पडला आणि पुस्तकाच्या मागच्या पानावर १९८१ च्या खाली २००३ ची नोंद आली. दिवाळीनंतर आम्ही आईला घेऊन कोल्हापूरला निघालो. भाचा चालवत होता. आई मागे बसली होती आणि पाण्याचा डबा तिनं डिकीत ठेवू दिला नव्हता. तो तिच्या मांडीवर होता.

खंबाटकीत भाच्यानं पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पुढून एक बारीक शीळ आली आणि गाडीनं आम्हांला पाठीमागून ढकलल्यासारखं वर नेलं. एका मालट्रकला आम्ही मागे टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच! वरच्या अंगाला एका वळणावर आई म्हणाली, "थांबव रे जरा."

गाडी बाजूला घेतली. भाचा मिस्त्रींच्या शब्दाला पक्का. त्यानं इंजिन चालूच ठेवलं. आई खिडकीतून कठड्याकडे बघत होती. काटा साध्या वेळेसारखा शांत उभा होता, वाफेचा पत्ता नव्हता. तिनं डब्याचं झाकण काढलं, ओंजळभर पाणी खिडकीबाहेर सोडलं आणि झाकण पुन्हा घट्ट बसवलं.

"इथंच बसले होते कठड्यावर," ती म्हणाली. "दोन तास. माझ्याशीसुद्धा बोलत नव्हते. जसं काही गाडीतलं पाणी मीच प्यायले होते."