गडावरचं पाणी जातं कुठे?

हा भाग ऐकायचा राहिला असेल, तर इथे वाचून घ्या.

मे महिन्यात शिवनेरीवर गेलो होतो. शिवजन्मस्थळासमोरच्या बदामी तलावात पाणी नव्हतं, नुसता भेगाळलेला गाळ. गंगा-जमुना टाक्यांत मात्र पाणी थंडगार. गड एक, पाऊस एक. मग एक आटतं आणि दुसरं टिकतं, ते कसं?

तलाव उघडा. दर पावसाळ्यात माती वाहून येते, खोली घटते. पसरट, उथळ पाणी उन्हावाऱ्यात भराभर उडतं. शिवाय आपला काळा पाषाण अखंड नसतो. त्याच्या भेगांतून, लाव्ह्याच्या दोन थरांमधून पाणी निसटतं. गंगा-जमुना मात्र कातळाच्या पोटात कोरलेली. वर छत, आत सावली, आणि भेगांतूनच पाझर आत येतो. म्हणजे बघा, भेग एकीकडे चोर, दुसरीकडे दाता!

हे गणित जुन्नरला दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. इथल्या लेण्यांतल्या प्राकृत लेखांत टाक्याला 'पोढी' म्हणतात. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दान केल्याचा लेख आहे. परदेशी वंशाच्या माणसाने नाव कोरलं ते पाण्यावर!

पुढे १६३० साली, शिवरायांच्या जन्मवर्षीच, पाऊस फिरला आणि दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्य आज्ञापत्रात बजावतात की आधी पाणी बघा, मग गड बांधा. आणि एकाच झऱ्यावर विसंबू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात. म्हणून साठ्याची टाकी हवीतच. माझ्या ऑफिसच्या भाषेत, 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' ठेवू नका, बॅकअप ठेवा.

माझं आजोळ आंबेगावच्या डोंगरात. खाली डिंभे धरणाचं पाणी चमकतं. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं आंबेगाव त्याच पाण्याखाली गेलं. आणि मामी मात्र एप्रिलपासून हंडा घेऊन डोंगरातल्या झऱ्यावर जाते. मी म्हटलं, "मामी, समोर एवढं पाणी आहे की!" ती म्हणाली, "ते बघायचं पाणी हाय, बाबा."

गेल्या वर्षी झऱ्याखालच्या जुन्या टाक्यातला गाळ गावाने चार दिवस खपून उपसला. मीही दोन दिवस घमेली उचलली. यंदा पाणी मेच्या मध्यापर्यंत पुरलं.

पाणी एका दिवसात नाहीसं होत नाही. आधी गाळ साचतो, मग आपलं लक्ष उडतं, मग पाणी.

तुमच्या गावाजवळ असं बुजलेलं टाकं आहे का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!