माहितीबंध

माहितीबंध : संगणकाच्या आज्ञावलीत साठविलेली माहिती आणि ती पडद्यावर दाखविणारा घटक यांना जोडणारा दुवा. एका बाजूस झालेला बदल दुसऱ्या बाजूस आपोआप उमटावा, हा त्याचा हेतू होय. एकच वस्तुस्थिती अनेक ठिकाणी लिहिली गेली, की कालांतराने त्या नोंदींत विसंगती येते. संगणकापूर्वीही ही अडचण होती.

जमीनमहसुलाच्या दप्तरात ती विशेष जाणवते. उदा., वऱ्हाडातील यवतमाळ जिल्हा. पूर्वी वणी (वून) या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा १९०५ पासून यवतमाळ म्हणून ओळखला जाऊ लागला. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार जमिनीत हक्क मिळविणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. तीवरून फेरफार नोंदवहीत (गाव नमुना ६) नोंद होते, ती प्रमाणित केली जाते आणि नंतर सातबारा व खातेवही (८-अ) यांत उतरते. कागदी दप्तरात हे सर्व बंध तलाठ्याच्या लेखणीने सांभाळले जात. एक दुवा निसटला, तर सातबाऱ्यावर मृत खातेदाराचेच नाव राही आणि कसणाऱ्या वारसास स्वतःच्या नावे पीककर्ज मिळणे अवघड होई.

संगणकशास्त्रात या कल्पनेचा उगम इव्हान सदरलंड यांच्या ‘स्केचपॅड’ (१९६३) या आज्ञावलीत दिसतो. तीत आकृतीच्या भागांवर परस्परसंबंधाच्या अटी घालता येत. १९७८-७९ मध्ये नॉर्वेचे ट्रिग्वे रीनस्काउग यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात माहिती आणि तिचे दर्शन वेगळे ठेवणारी रचना मांडली. १९७९ मध्ये विक्रीस आलेल्या ‘व्हिजिकॅल्क’ या गणनपत्रकाने एका चौकोनातील आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेले आकडे बदलण्याची सोय सामान्य व्यावसायिकास दिली. ‘व्हिज्युअल बेसिक’च्या तिसऱ्या आवृत्तीत (१९९३) पडद्यावरील चौकटी कोष्टकांशी जोडता येऊ लागल्या. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज प्रेझेंटेशन फाउंडेशन’ ही प्रणाली प्रसृत केली. तीत माहितीबंध हा रचनेचा पायाच झाला.

या प्रणालीत घटकाच्या कोणत्याही गुणधर्मावर बंध घालता येत नाही. समजा, आज्ञावलीकाराने सातबारा दाखविणारा स्वतंत्र घटक तयार केला व त्यास ‘खातेदार’ हा स्वनिर्मित गुणधर्म दिला. तो साधा ठेवल्यास बंध स्वीकारत नाही. ‘डिपेंडन्सी प्रॉपर्टी’ म्हणजे अवलंबी गुणधर्म या स्वरूपात त्याची प्रणालीकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीत त्याचे नाव, मूल्याचा प्रकार आणि तो ज्या वर्गाचा आहे तो वर्ग सांगावा लागतो. मूळ मूल्य, बदल होताच करावयाची क्रिया व मूल्य तपासणारी क्रियाही तेव्हाच जोडता येते. मूल्य वाचण्या-लिहिण्यासाठी वर ठेवलेले नेहमीचे आवरण केवळ सोयीसाठी असते. बंध त्याला वगळून थेट प्रणालीकडे जातो, म्हणून आवरणात लिहिलेली तपासणी बंधातून आलेल्या मूल्यास लागू होत नाही.

बंधाच्या उगमाकडील वस्तू मात्र साधी चालते. तथापि तिने आपल्यातील बदलाची वर्दी दिली पाहिजे. वर्दी न मिळाल्यास पडद्यावर जुनेच मूल्य राहते. बंध एकदिश, द्विदिश किंवा एकवार असू शकतो. द्विदिश बंधात पडद्यावर केलेली दुरुस्ती मूळ माहितीतही जाते. गुणधर्माचे नाव चुकले, तर आज्ञावली बंद पडत नाही. चुकीची सूचना केवळ विकासकाच्या तपासपटावर उमटते आणि वापरणाऱ्यास जागा रिकामी दिसते. हा मूक दोष या पद्धतीचा सर्वांत घातक दोष मानावा लागेल, कारण रिकामी जागा म्हणजे ‘नोंद नाही’ असा अर्थ सहज घेतला जातो.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला आणि २०२१ पासून शेतकरी भ्रमणध्वनीवरून स्वतः पीकनोंद करू लागले. यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात या नोंदीस मोठे महत्त्व आहे, कारण हमीभावाने कापूस विकताना सातबाऱ्यावरील पीकनोंद पाहिली जाते. अशा व्यवहारात माहितीबंधाची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. बंध नोंदींत एकवाक्यता राखतो; नोंद खरी असल्याची हमी देत नाही. उगमाशी चूक असेल, तर ती तितक्याच वेगाने सर्वत्र पोहोचते. फेरफार प्रमाणित करण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकती ऐकण्याची जुनी तरतूद म्हणूनच अनावश्यक ठरलेली नाही.