पाटणचा शिलालेख आणि ‘अंतराळ’ हा शब्द

दिनांक ३ एप्रिल १९८४ रोजी बायकोनूर येथून ‘सोयूझ टी-११’ हे यान सुटले. त्यात यूरी मालिशेव व गेन्नादी स्त्रेकालोव यांच्यासमवेत भारतीय वायुसेनेचे राकेश शर्मा होते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ‘साल्यूत-७’ या प्रयोगशाळेत अगोदरच राहत असलेल्या तिघांना ते जाऊन मिळाले. भारतभूमीची छायाचित्रे घेणे, भाररहित अवस्थेत योगासनांचा उपयोग तपासणे इत्यादी कामे करून शर्मा ११ एप्रिलला परतले.

अशा प्रवासासाठी मराठीत रूढ झालेला ‘अंतराळ’ हा शब्द विचारार्ह आहे. संस्कृतात ‘अंतराल’ म्हणजे दोहोंमधील जागा. मराठीत ‘अंतराळी’ म्हणजे आधारावाचून, अधांतरी. प्रयोगशाळेस हा अर्थ तंतोतंत लागू पडतो. ती निराधार असते, परंतु आकर्षणमुक्त नसते. सेकंदास सुमारे पावणेआठ किलोमीटर वेगाने पुढे जाताना ती सतत पृथ्वीकडे पडतच असते. मात्र पृथ्वीचा पृष्ठभागही तेवढाच वळत गेल्याने ती भूमीस टेकत नाही. आतील माणसेही तिच्याबरोबर पडत असल्यामुळे त्यांना भार जाणवत नाही.

निराधार वस्तूचा हा प्रश्न खानदेशात आठ शतकांपूर्वी अभ्यासिला जात होता. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (शके १०७२) पृथ्वीला आधार मानल्यास त्या आधारालाही दुसरा आधार मानावा लागेल, असा तर्क करून ती स्वशक्तीने आकाशात स्थिर असल्याचे सांगितले, जड वस्तू तिच्याकडे ओढल्या जातात, त्या शक्तीला ‘आकृष्टिशक्ती’ म्हटले. यावरून त्यांना न्यूटनचा नियम अवगत होता असे म्हणणे अतिशयोक्त होय. अंतराप्रमाणे बदलणाऱ्या आकर्षणाचे गणित तेथे नाही. तथापि प्रश्नाची मांडणी शास्त्रशुद्ध आहे.

त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. त्याला मिळालेल्या दानाचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यातील विद्वानांची प्रशस्ती संस्कृतात आहे. अखेरच्या ओळी मात्र मराठीत असून, बाजारातील मालावरचे उत्पन्न व दर घाण्यामागे पळीभर तेल मठास दिल्याची नोंद त्यांत आहे. सारांश, त्या शिळेवर शास्त्राची भाषा संस्कृत, तर व्यवहाराची मराठी होती.

१९८४ मध्ये ही वाटणी उरली नव्हती. ज्या भाषेत पाटणच्या तेलाची पळी नोंदली गेली, त्याच भाषेच्या ‘अंतराळ’ या शब्दाने जळगाव-धुळ्याच्या वाचकांस आकाशातील प्रयोगशाळेची वार्ता कळली.